नाकासमोरची फट

१

रक्तपेढीची पांढरी व्हॅन पेट्रोल पीत होती. पिऊ दे बापडी, गाडीच ती. पण गेल्या काही महिन्यांत तिची तहान भलतीच वाढली होती. धाव तेवढीच, रस्ते तेच, रक्ताच्या पिशव्याही तेवढ्याच. मग पेट्रोल जातंय कुठे? असा प्रश्न पडला की माणसं गाडीकडे बघत नाहीत, ड्रायव्हरकडे बघतात.

ड्रायव्हर म्हणजे बाईंचा दादा.

बाई तंत्रशाळेत इंजिन शिकवायच्या. गावातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि उरलेले निम्मे त्यांच्या तोंडाला घाबरून त्या वाटेला न गेलेले. खोटं बोलणारा विद्यार्थी आणि खोटं बोलणारं मीटर, दोघांनाही त्या सारख्याच फैलावर घेत. त्यांच्या दादाला मात्र सगळे ओळखायचे ते नाकासमोर चालणारा माणूस म्हणून. म्हणून वहिनीचा फोन आला तेव्हा बाईंना आधी नीट कळलंच नाही.

"वन्सं, ह्यांना घरी बसवलंय," वहिनीचा आवाज चिरका झाला होता. "पेट्रोल चोरलं म्हणतात. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. खुलासा नाही झाला तर पोलिसांत देणार."

"आणि दादा काय म्हणतो?"

"म्हणतात कुठे? भिंतीकडे तोंड करून बसलेत. जेवलेसुद्धा नाहीत."

इथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा तोच दादा, ज्याने एकदा न्हाव्याने केस जास्त कापले म्हणून अख्खा बाजार गोळा केला होता. त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि तो गप्प?

त्यांनी रक्तपेढीच्या गाड्यांचा कारभार बघणाऱ्या भाऊसाहेबांना फोन लावला. भाऊसाहेब म्हणजे मधात घोळलेलं बोलणं.

"अहो बाई, परवानगी कसली मागता? उद्याच गाडी तुमच्या शाळेत पाठवतो. दादा म्हणजे आमच्या घरचा माणूस. मला तर रात्रभर झोप नाही. पण मी काय करणार? गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. किल्ली फिरवली की सुरू होते, एवढंच आपलं ज्ञान."

बाईंनी आभार मानले, शाळेचं काम उरकलं आणि तडक दादाचं घर गाठलं. वहिनी दारात नव्हती. मागच्या अंगणात असेल म्हणून त्या वळसा घालून गेल्या. तिथे पत्र्याच्या आडोशाला दादाची जुनी स्कूटर होती, आणि स्कूटरच्या मागे, गोणपाटाखाली, एक प्लॅस्टिकचा कॅन आणि एक नरसाळं. बाईंनी कॅनचं झाकण उघडलं.

पेट्रोलचा वास भस्सकन नाकात गेला.

२

"स्कूटरसाठी आहे," दादा म्हणाला.

"दादा, त्या स्कूटरच्या सीटमध्ये मांजरी व्यालीय. ती सुरू कधी झाली होती शेवटची?"

बाजेच्या कडेला बसून तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. लहानपणी आईची बरणी फुटली तेव्हाही तो असाच बसला होता, आणि बरणी त्यानेच फोडली होती. बाईंना ते आठवलं.

"हे बघ, मी तुझ्या बाजूने उभी राहणार आहे. पण मला खरं सांग. पेट्रोल काढलंस का तू?"

"नाही."

"मग हा कॅन?"

"बारके," तो म्हणाला. सगळ्या जगाच्या बाई झाल्या तरी त्याच्या तोंडी ही हाक बदलली नव्हती. "तू गाडी बघ. मला बघू नकोस."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय बोलणं झालं? पण वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिचे डोळे सुजलेले बघून त्यांनी राग गिळला.

"बरं, गाडीचंच सांग. काही वेगळं जाणवलं?"

यावर मात्र दादा घडाघडा बोलला. सकाळी गार गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक येते. थोडी गरम झाली की टकटक बंद. मागून धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. चढावर पाय दाबला की अडखळते. भाऊसाहेबांच्या कानावर घातलं, ते म्हणाले गाडीला वय झालं. उस्तादच्या गॅरेजला नेली, त्याने प्लग साफ केले, फरक शून्य.

"तुझ्याशिवाय कोण चालवतं?"

"माझ्या सुट्टीला हिरो."

"मी गाडी तपासणार, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आत्ता कळलं. तू कुणाला सांगितलंस?"

"भाऊसाहेबांना. परवानगी हवी होती ना."

घरी परतताना हवा गार होती, तरी बाईंच्या हाताचा पेट्रोलचा वास जाईना. साबण लावला, लिंबू चोळलं. वास तसाच. दादा खोटं बोलत होता, एवढं त्यांना स्वच्छ दिसलं होतं. कशाबद्दल, ते दिसलं नव्हतं.

३

व्हॅन घेऊन हिरो आला. हिरो म्हणजे बदली ड्रायव्हर. टोकदार बूट, डोळ्यावर गॉगल, केसांना एवढं तेल की त्यावर माशी घसरावी.

"मॅडम, आपला यात काही हात नाही," त्याने उतरायच्या आधीच जाहीर केलं.

"मी विचारलं का?"

"नाही, पण विचाराल म्हणून."

"दादाची नोकरी गेली तर ती कुणाला मिळेल?"

हिरोने गॉगल काढला. त्याखालचे डोळे बरेच घाबरलेले होते. "मलाच. म्हणून तर लोक माझ्याकडे बघतायत. पण मॅडम, मी आठवड्यातून एकदा चालवतो. गाडी धुवायलासुद्धा मला देत नाहीत. भाऊसाहेब सुट्टीच्या दिवशी स्वतः घेऊन जातात धुवायला. एवढा मोठा माणूस, पण गर्व नाही बघा."

बाईंनी हूं केलं आणि त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या. किल्ली पहिल्या खटक्यावर फिरवली. डॅशबोर्डवर दिवे उजळले: बॅटरीचा, तेलाचा, हँडब्रेकचा. इंजिन सुरू होण्याआधी सगळे दिवे क्षणभर लागतात, आपण जिवंत आहोत हे दाखवायला. बाईंनी किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा दिवे मोजले. डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग आपल्या मनगटावरच्या. दोन्ही जुळत होती.

मग त्यांनी शाळेचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र, स्टिअरिंगखाली लावला आणि गाडी सुरू केली. बॉनेटखाली टकटक झाली. दादा निदान याबाबतीत खरं बोलला होता.

स्कॅनरवर काय बघायचं, हे बाई दरवर्षी नव्या वर्गाला सांगत. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. पण तो आंधळा असतो, त्याला फक्त एक नाक असतं. हे नाक धुराच्या पाइपात बसवलेलं असतं आणि धुरात उरलेला ऑक्सिजन हुंगतं. ऑक्सिजन जास्त उरला, तर कॉम्प्युटर म्हणतो, अरे, पेट्रोल कमी पडलं, वाढवा. ऑक्सिजन अजिबात नाही उरला, तर म्हणतो, पेट्रोल जास्त झालं, कमी करा. वाढवतो तेव्हा आकडा प्लस, कमी करतो तेव्हा मायनस. यातला एक आकडा चालू घडीचा, सतत हलणारा, दुसरा शिकलेला. रोज रोज तेच वाढवायला लागलं की कॉम्प्युटर ते अंगवळणी पाडून घेतो, तो शिकलेला आकडा.

चालू आकडा प्लसमध्ये वर वर चढत होता. म्हणजे नाक ओरडत होतं, पेट्रोल कमी, पेट्रोल कमी.

शिकलेला आकडा होता शून्य. आणि नोंदलेला दोष एकही नाही.

बाईंच्या भुवया वर गेल्या. कित्येक महिने रडणारी गाडी, आणि तिच्या डोक्यात कालच्या दिवसाची आठवण नाही? कुणीतरी तिची स्मृती पुसली होती. बॅटरीची तार काढली तरी ती पुसते, पण मग घड्याळही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि ते तर बिनचूक चाललं होतं. म्हणजे पुसणाऱ्याकडे स्कॅनर होता. पुसलं होतं तेही काल फोन झाल्यानंतर. आधी पुसलं असतं तर एव्हाना गाडी पुन्हा थोडंफार शिकली असती.

काल फोननंतर बाई गाडी तपासणार हे दोघांनाच माहीत होतं. एक भाऊसाहेब, ज्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसरा दादा, ज्याचा जिवलग मित्र उस्ताद स्कॅनर बाळगून होता.

बाईंनी इंजिन गार होऊ दिलं, एक प्लग खोलला आणि उजेडात धरला. नाक म्हणत होतं इंजिन उपाशी आहे. प्लग मात्र काळाकुट्ट होता, काजळी धरलेला. तो म्हणत होता, इंजिन खाऊन खाऊन फुटायला आलंय.

दोन साक्षीदार, आणि दोघांपैकी एक खोटा.

४

उस्तादच्या गॅरेजात कुठलीही वस्तू जागेवर नसायची, आणि उस्तादला ती डोळे मिटून सापडायची. पोटावर बनियन ताणलेलं, कानामागे पेन्सिल. बाईंना बघून त्याने पेन्सिल उगाचच नीट केली.

"काल संध्याकाळी दादा आला होता का तुझ्याकडे?"

"नाही बाई."

"आणि तू व्हॅनला स्कॅनर लावलास?"

"कसा लावणार? माझा स्कॅनर दुरुस्तीला गेलाय." त्याने फळीवरच्या रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवलं. खोकं खरंच रिकामं होतं. पण रिकामं खोकं कुणीही दाखवू शकतं, असं बाईंच्या मनात आलं.

"त्याआधी कधी लावला होतास?"

"हो, दादाने आणली तेव्हा. आकडा प्लस, चांगला दणदणीत. मी म्हटलं, घ्या, सापडलं! प्लस म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, प्लग घासले. भाऊसाहेबांना फोन करून सांगितलंसुद्धा, गाडीच जास्त पितेय, ड्रायव्हरचा दोष नाही."

"मग?"

"हसले. म्हणाले, उस्ताद, तुमच्या यंत्राला चष्मा लावा."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ही चूक त्यांच्या पाचवीला पुजलेली होती. गावातलं एकही गॅरेज नव्हतं जिथे 'प्लस' म्हणजे 'पेट्रोल जास्त' असा अर्थ लावत नसत. ऐकायला सरळच वाटतं ना! पण तो आकडा धुराचं वर्णन करत नाही, कॉम्प्युटरने केलेला उपाय सांगतो. वर्गात कितीही घसा फोडला तरी गॅरेजात गेलं की पोरं पुन्हा तिथेच.

"उस्ताद, प्लस म्हणजे काय, हे मी तुला किती वेळा..."

"बाई, आता या वयात नका हो परीक्षा घेऊ."

तिथून बाई रक्तपेढीत गेल्या. रखवालदाराने लोखंडी गेटला खांदा लावून ते करकरत ढकललं. भाऊसाहेबांनी उठून खुर्ची दिली, पंखा वाढवला.

"काही सापडलं का?"

"गोंधळ आहे सगळा," बाई म्हणाल्या. तेवढं खरंच होतं.

"होणारच. जुनी गाडी. बाई, मी सांगू का? डॉक्टरीणबाईंना मी समजावतो. दादाने पेट्रोल घेतल्याचं कबूल करून राजीनामा दिला, तर पोलिसांपर्यंत जाणार नाही. अब्रू झाकली मूठ राहील. तुम्ही सांगाल तर तो ऐकेल." बोलता बोलता त्यांची बोटं टेबलावरच्या किल्ल्यांच्या जुडग्याशी खेळत होती. जुडग्याला काडेपेटीएवढा एक काळा प्लॅस्टिकचा तुकडा लटकत होता. बाईंची नजर तिकडे गेलेली बघून त्यांनी जुडगा खिशात टाकला. "गेटचं रिमोट. सारखं हरवतं."

खाली उतरताना बाईंच्या डोक्यात भाऊसाहेबांचं बोलणं घोळत होतं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ते त्यांना पटत होतं. गोणपाटाखालचा कॅन भाऊसाहेबांनी बघितला नव्हता. बाईंनी बघितला होता.

५

पण काळा प्लग काही केल्या स्वस्थ बसू देईना.

टाकीतून पेट्रोल चोरलं, तर टाकी लवकर रिकामी होईल, बस. प्लग कशाला काळा होईल? कुठून चोरटी हवा इंजिनात शिरत असेल, तर आकडा प्लस होईल खरा, पण कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून हिशोब जुळवेल आणि प्लग चांगला तांबूस राहील. पेट्रोलचा पंप थकला असेल, तर प्लग पांढरा पडेल. प्लस आकडा आणि काळा प्लग, ही जोडी एकाच वेळी जमते. नाकाला जर कुणी फसवलं असेल तर.

बाई वर्गाच्या फळ्यासमोर एकट्याच उभ्या होत्या. "अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी शाळेचा व्हॅक्यूम क्लीनर काढला, त्याची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला लावली आणि ते टोक चिंध्या कोंबून व्हॅनच्या सायलेन्सरात घट्ट बसवलं. बादलीत साबणाचा फेस केला. मग इंजिनापासून सुरुवात करून ब्रशने पाइपाच्या एकेका जोडाला फेस लावत गेल्या. पहिला जोड, नाकाच्या थोडा अलीकडचा. फेस लावताच तिथून बुडबुडे निघाले, एकामागून एक, लहान मुलाने फुंकावेत तसे.

फट. नाकासमोर फट.

टकटक तिथलीच होती. इंजिन धूर ढकलतं तेव्हा फटीतून धूर बाहेर, आणि दोन ढकलण्यांच्या मधल्या क्षणात बाहेरची ताजी हवा आत. ती हवा नाकाला लागायची. नाक बिचारं इमानदार, त्याने ऑक्सिजन हुंगला तो खराच होता. फक्त तो इंजिनातून आलेला नव्हता. कॉम्प्युटर म्हणायचा पेट्रोल कमी, ओता. आणि आधीच पोटभर जेवलेल्या इंजिनाला तो रोज जबरदस्तीने वाढत राहिला. पेट्रोल कुणी चोरलं नव्हतं. ते गाडीनेच जाळलं होतं, धुरातून उधळलं होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा सुटला होता! त्या खाली वाकून बुडबुड्यांकडे बघत हसत सुटल्या, आणि मग हसू हळूहळू विरलं.

जोडाचे बोल्ट नवे कोरे होते. सगळा पाइप गंजलेला, आणि बोल्ट चकचकीत. मधलं पॅकिंग मात्र जुनंच, चेंबलेलं. कुणीतरी हा जोड उघडला होता आणि घाईत तेच पॅकिंग दाबून बसवला होता. कशासाठी?

जोडाच्या पुढे तो डबा होता, कन्व्हर्टर, धुरातलं विष मारणारा. आत मौल्यवान धातूचा मुलामा असलेली जाळी. बाईंनी पान्ह्याने डब्यावर टकटक केलं. भरलेला डबा बद्द वाजतो. हा पत्र्याच्या रिकाम्या पिंपासारखा खणखणला.

६

सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. दादा दाराजवळच्या खुर्चीत, नजर जमिनीला. शेजारी उस्ताद, धुतलेल्या शर्टात अवघडलेला. हिरो खिडकीशी. भाऊसाहेब डॉक्टरीणबाईंच्या उजव्या हाताला. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"माझ्याकडे रक्ताची वाट बघणारे पेशंट असतात," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरवर विश्वास नसेल तर मला ती गाडी रस्त्यावर सोडता येत नाही. बोला बाई."

बाई उभ्या राहिल्या. "सोपं आहे. मी स्कॅनर लावला. आकडा प्लस आला. प्लस म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच जास्त पेट्रोल घेतंय, दादाचा काही संबंध नाही."

"तेच तर मी बोंबलत होतो!" उस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाला. हिरोने मान डोलावली. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचा ताणही जरा सैल झाला.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "बाई, तुम्ही शिकवणाऱ्या, मी काय बोलावं. पण... उलटं आहे ना ते? प्लस म्हणजे कॉम्प्युटरला पेट्रोल कमी वाटतंय, म्हणून तो वरून वाढवतोय. म्हणजे इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. आता का पोचत नाही, टाकीतून कोण काढतंय..." त्यांनी दादाकडे बघून सुस्कारा टाकला. "मला बोलायला वाईट वाटतं."

बाई हसल्या. वर्गात त्यांना असं हसताना बघून पोरं पाठीला घाम फुटून बसायची.

"शाबास. पैकीच्या पैकी मार्क! भाऊसाहेब, या गावातल्या एकाही गॅरेजात हे उत्तर मिळत नाही. हा उस्ताद माझा विद्यार्थी, तो अजून चुकतो. आणि किल्ली फिरवली की गाडी सुरू होते एवढंच ज्यांचं ज्ञान, ते तुम्ही कुठे शिकलात?"

"वाचलं असेल कुठेतरी," भाऊसाहेब म्हणाले. मध जरा पातळ झाला होता.

"असेल. मग पुढचं ऐका." बाईंनी फट सांगितली, बुडबुडे सांगितले, पोकळ डबा सांगितला. "कन्व्हर्टरची जाळी काढून विकली गेलीय. चोरी पेट्रोलची नव्हतीच. चोराने डबा काढला, रिकामा करून परत लावला, पण पॅकिंग जुनंच वापरलं आणि नाकासमोर फट राहिली. जाळी गेली की इंजिनाचा दिवा लागणार, हे त्याला माहीत होतं. व्हॅनची किल्ली फिरवली की सगळे दिवे लागतात, तो एकच लागत नाही. मी डायल उघडून बघितला, मागे काळी चिकटपट्टी आहे. आणि मी गाडी तपासणार हे कळताच त्याने कॉम्प्युटरची स्मृतीही पुसली."

"बाई, हे कुणीही केलं असेल. गाडी दिवसभर तुमच्या भावाच्याच ताब्यात!"

"दिवसभर रक्त घेऊन पळत असते ती. मोकळी असते सुट्टीच्या दिवशी, धुवायला जाते तेव्हा."

हिरोने आ वासला. त्याची नजर भाऊसाहेबांकडे गेली आणि तिथेच राहिली.

"तो जुडगा टेबलावर ठेवता का जरा?" बाई म्हणाल्या.

"गेटचं रिमोट आहे ते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आपलं गेट तर रखवालदार ढकलतो."

भाऊसाहेबांचा हात खिशातून बाहेर येईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तळहात पुढे केला, आणि तो तसाच धरून ठेवला. काळा तुकडा हातात येताच बाईंनी तो हिरोकडे दिला. "हा खिशातला स्कॅनर, मालकाच्या फोनशी जोडलेला. जा, खिडकीखाली व्हॅन उभी आहे. स्टिअरिंगखाली माझा स्कॅनर जिथे लावला होता ना, तिथे हा खोच आणि किल्ली फिरव."

टोकदार बूट जिन्यावरून खाडखाड उतरले. सगळे वाट बघत राहिले. खाली व्हॅनचं दार वाजलं. आणि मग भाऊसाहेबांच्या शर्टाच्या खिशातला फोन, कुणी हात न लावता, आनंदाने किणकिणला. व्हॅनने त्यांना ओळखलं होतं.

भाऊसाहेब खुर्चीत खचले. "दुसऱ्या व्हॅनचा कन्व्हर्टरसुद्धा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भाऊसाहेबांनी होकारार्थी मान हलवली. पेट्रोल उडणार हे त्यांना सुरुवातीला ठाऊक नव्हतं म्हणे. नंतर ते दिसलं, पण तोवर बोट दाखवायला दादा होताच.

डॉक्टरीणबाई उठून दादासमोर गेल्या आणि हात जोडले. "मी चुकले. गाडी तुमची आहे, हवी तेव्हा घ्या." मग त्यांनी पोलिसांना फोन लावला.

७

नवं पॅकिंग आणि नवा कन्व्हर्टर बसवून झाल्यावर बाई आणि दादा व्हॅन घेऊन निघाले. दादा चालवत होता. टकटक बंद झाली होती. बाईंच्या मांडीवर स्कॅनर होता, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं.

"तो कॅन," त्या म्हणाल्या.

"हं."

"पेट्रोल काढायला नळी लागते. तुझ्याकडे नळी नव्हती, नरसाळं होतं. नरसाळ्याने पेट्रोल ओततात." त्या दादाकडे वळल्या. "तू आपल्या पैशाने विकत आणून टाकीत ओतत होतास?"

दादाने गिअर बदलला. "रोज भाऊसाहेब विचारायचे, आज एवढं कसं लागलं? मला वाटलं, माझंच काही चुकतंय. वय झालं, पाय जड पडत असेल. थोडं आपलं घातलं की प्रश्न मिटेल." तो कसंनुसं हसला. "तुझ्या वहिनीला सांगू नकोस, ती मला नरसाळ्यातून ओतेल."

"मग मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना!"

"चोरलं नसताना कुणी घरचं पेट्रोल ओततं का गाडीत? तूच म्हणाली असतीस, गुन्हेगार मन खातंय याला." त्याने स्टिअरिंग सरळ केलं. "आणि तू ज्या नजरेने विचारलंस ना, बारके... तुलाही वाटलं होतं, खरं ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग त्याच्याकडे.

"वाटलं होतं. वास आला, आणि मी पुढचं सगळं आपल्या मनाने वाढवत गेले. नरसाळं डोळ्यांसमोर होतं, ते बघितलंच नाही. फार वाईट वाटतंय रे दादा."

रस्ता सरळ होता, गाडी न अडखळता चढ चढली. माथ्यावर पोचल्यावर त्याने बाईंच्या मांडीवरच्या यंत्राकडे हनुवटी केली.

"काय म्हणतंय?"

"नाक नीट झालंय. पण गेल्या काही दिवसांत जे चुकीचं शिकली, ते अजून थोडं डोक्यात आहे तिच्या."

"मग पुसून टाक की. बटण असेल ना."

"असतं. पण मी पुसत नाही. रोज थोडी चालवली की आपोआप शून्यावर येते."

"मग ये रोज," दादा म्हणाला. "सकाळी मी निघतो तेव्हा. तुझी वहिनी डबा दोघांचा देईल."

बाईंनी स्कॅनरची तार गुंडाळली, यंत्र पिशवीत ठेवलं आणि उद्या किती वाजता यायचं ते विचारलं.